न पेटलेला राब

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. नवरा म्हणतो, हिला भूत भेटलं तर ही आधी सॅम्पल मागेल! तरी हे लिहितेय...

आम्ही वरसे गावात राहतो. माझ्या मुलीसाठी, चिमीसाठी, भावाने पेणहून पांढरा ससा आणला होता. घाबरला की मागचे पाय आपटायचा — ठप्... ठप्. कुकरची शिट्टी झाली तरी तेच.

सासरचं घर आणि शेत निडीजवळ. त्या मे महिन्यात राब भाजायला चिमीलाही उठवून पहाटेच निघालो. ससा शेजारच्या काकूंकडे ठेवला. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, शेण घालून ते जाळायचं. पेटवण्याआधी आमच्याकडे ढिगावर काठी मारतात. आत ससा, साप असेल तर निघून जावा म्हणून.

सासऱ्यांनी काठी मारली. काहीच निघालं नाही. त्यांनी पेटीतून काडी काढली आणि मला ऐकू आलं... ठप्. ठप्.

"बाबा, थांबा! आत ससा आहे."

"नाय गो. काठी मारली ना मी? असता तर पळाला असता."

"पाय आपटतोय. ऐका ना!"

"मना तर काय आयकू येत नाय."

पुन्हा ठप्, ठप्... आता इतक्या जोरात, की मी त्यांच्या हातावर फटका मारून काडी पाडली. सासऱ्यांवर हात उचलला! त्याचंही भान नव्हतं. दोन्ही हातांनी पाला उपसत गेले आणि हाताला लागला एक पाय. माणसाचा. लहानसा.

चिमी गाढ झोपली होती. आम्ही समजत होतो ती घरात आजीजवळ आहे. रानातले ससे पाल्यात लपतात, हे आजोबांनीच तिला सांगितलेलं. ते बघायला ती आत शिरली आणि पहाटे उठवलेली, तिथेच तिचा डोळा लागला. जनावर काठीने उठतं. झोपलेलं पोर कुठलं उठतंय?

सगळा ढीग उपसला. ससा नव्हता. सासरे चिमीला कवेत घेऊन रडायला लागले. राब आम्ही पेटवलाच नाही.

संध्याकाळी घरी आलो तर काकू दारातच उभ्या.

"सकाळी नुसता पाय आपटत होता गो. मी पाणी दिलं, भाजी दिली... थांबंच ना. मग एकदम गप झाला."

पिंजरा त्यांच्या बाल्कनीत होता. जवळ चूल नाही, दिवा नाही, साधी उदबत्तीसुद्धा नाही. कडी लावलेली. ससा कोपऱ्यात मरून पडला होता. मी त्याला उचलून उजेडात धरलं. त्याच्या अंगावरचे केस करपलेले होते.

लॅबमध्ये मी रोज कशाचं ना कशाचं कारण शोधते. याचं अजून सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर आता शोधायची भीती वाटते... कारण त्या ढिगात कोणीतरी जळणारच होतं, असं मला वाटत राहतं.