बुटकी मोरपंखी आणि एक बोट

मी हिंगोलीकडच्या गोरेगावात बायकांचे कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, दारात ओटा, आणि ओट्यावर माझ्या कुंड्या. कुंड्यांत गुलाब नाही, शेवंती नाही. गुलाबाचं कौतुक मला कधी समजलं नाही. चार दिवस फुलतो आणि मग वर्षभर काट्यांचीच उस्तवार. माझ्याकडं मोरपंखी होती, तीही बुटकी. शाळेच्या आवारात असते ती उंच. तिचं पान लेकरं विद्या येते म्हणून पुस्तकात ठेवतात. माझी तिचंच लहान भावंड. सोनेरी हिरवी, गोल, आणि कितीही वर्षं झाली तरी गुडघ्याच्या वर जात नाही. बाजाराच्या दिवशी नर्सरीवाल्याचा टेम्पो येतो, त्याच्याकडून घेतली होती. सोबत जमिनीलगत पसरणारं एक ज्युनिपरही घेतलं. तो म्हणाला होता, "ताई, ही थंड हवेची झाडं हायेत, इकडं जगत न्हाईत." मला तेवढंच पुरलं. कुणी जमणार नाही म्हटलं की मी ते करतेच. हा माझा स्वभाव आहे आणि त्याची तकलीफ घरादाराला होते.

जगवली मी. आमच्या काळ्या मातीत त्यांचं मूळ गुदमरतं, म्हणून कुंडीत निम्मा मुरूम, थोडी वाळू, थोडं पालापाचोळ्याचं खत. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं, नाहीतर लाल कोळी म्हणतात ती बारीक कीड लागते. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून बघायचं. एक बोट खोल कोरडं लागलं तरच घालायचं. कुंडी अधूनमधून फिरवायची, नाहीतर भिंतीकडची बाजू टकली होते. आणि कात्री जपून चालवायची. जुन्या तपकिरी लाकडापर्यंत कापलं तर तिथं पुन्हा पान फुटत नाही. कापडासारखंच आहे ते, जास्त कापलं की गेलं.

ह्या झाडाची आणखी एक खोड आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे झाड मेलं तरी हिरवंच राहतं. मूळ सडून जातं आणि वर महिना-महिना काही दिसत नाही. बघणारा म्हणतो, काय टवटवीत आहे. खरं कळायचं असेल तर खोडाची साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत.

मला एकच मुलगी. बारावीनंतर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आमच्याकडं भरतीचं वेड घराघरात आहे, त्यात नवीन काही नाही. पण ही खरंच पळायची. सेनगाव रोडवर पोरांना मागं टाकायची, गोळाही लांब फेकायची. अडचण एकच, उंची. मुलींना जेवढी लागते त्याला ही एक बोट कमी. तेवढं बोट भरून काढायला तिनं काय नाही केलं! शाळेच्या मैदानावरच्या दांडीला लोंबकळायची, नाक दाबून दूध प्यायची, कुठलीशी पावडर आणली होती, उशी सोडली. नवी कुर्ती शिवायला घेतली की मला सांगायची, "आई, एक बोट लांब ठेव. मी वाढून राहिले."

मी ठेवायचे. आता शिवणाऱ्या बाईला उंची कळायला टेप लागत नाही. तिचं माप दहावीपासून तसूभरही बदललं नव्हतं. वाढवलेलं ते बोट गुडघ्याखाली लोंबायचं, आणि ती आरशात बघून म्हणायची, बराबर बसली. मी हो म्हणायचे. तिला तोंडावर बुटकी म्हणणारे गावात पुष्कळ होते, त्यात आईची भर कशाला? तेव्हाही मला असंच वाटायचं आणि आजही वाटतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुसेगावला थोरल्या दिरांकडं असतात. शेती तिकडंच आहे. मागच्या साली पेरणीच्या आधी त्या आमच्याकडं राहायला आल्या. नातीत त्यांचा फार जीव. आल्या त्याच दिवशी ओट्यावर बसून त्यांनी माझ्या मोरपंखीकडं बराच वेळ बघितलं.

"हे किती वर्साचं हाय?"

"झाली असतील पाच-सहा."

"आन् एवढंच?"

"ते एवढंच असतं, आत्याबाई. जातच बुटकी हाय."

"मग काहून ठिवलं दारात?"

तसं बघितलं तर त्यांचंही चुकत नव्हतं. जन्मभर त्यांनी रान निंदलं. तुरीत एखादं झाड खुरटलं की ते रोगाचं. उपटून टाकायचं, नाहीतर शेजारचंही खुरटतं. आणि इथं त्यांची सून असलंच झाड विकत आणून दारात जपते, आणि त्याच दारातून नात रोज जाते-येते. त्यांच्या डोक्यात दोन्हीचा मेळ बसला. मला म्हणाल्या, "तू ह्याला टोपलंभर मातीत कोंडलंस, तवा लेकराची वाढ बी कोंडली."

मी म्हटलं, "लेकराची उंची तुमच्या लेकावर गेली, आत्याबाई." आमचे हे काही फार उंच नाहीत. ते तिथंच चहा पीत होते. कप घेऊन आत गेले.

मला वाटलं विषय संपला. पण एक दिवस मी अस्तराचं कापड आणायला हिंगोलीला गेले आणि परत येऊन बघते तर ओट्यावर मोरपंखी नाही. आमचे हे प्रवासी जीप चालवतात. आईनं सांगितलं आणि ह्यांनी मुकाट्यानं कुंडी गाडीत घालून, आईसकट पुसेगावला पोचवली. "आई म्हणली, मी काय करू?" एवढंच उत्तर. आत्याबाईंनी झाड उकिरड्यावर फेकलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांनी ते विहिरीजवळ खड्डा करून, शेणखत घालून, मायेनं लावलं होतं. झाडाला मोकळं केलं की नातही वाढेल, इतकं सरळ होतं ते. मायेनं केलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

पाऊस चांगला लागला. महिन्याभरानं मी पुसेगावला गेले तेव्हा झाड हिरवंगार होतं. आत्याबाईंनी मला हाताला धरून विहिरीवर नेलं. "बघ, कसं धरलं! आता लेकराची काळजी सोड." पायाखाली चिखल पचपचत होता. त्या गवत उपटायला वाकल्या तेव्हा मी नखानं साल खरवडली. आत तपकिरी होतं. मी काही बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात पोरीचं हिंगोलीला ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी होती, आणि ही म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला झाड दाखवून राहिली होती.

भरतीची लेकरं सांगतात, चालून-बसून उंची दबते, आडवं पडून राहिलं तर भरते. खरं-खोटं देव जाणे. त्या दिवशी ह्यांनी जीपच्या मागं गादी टाकली आणि पोरगी हिंगोलीपर्यंत आडवी पडून आली. एरवी सीट भरलं की ह्यांना रस्त्यात खड्डा दिसत नाही. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवून, एकेक चाक हळूच उतरवत होते. मी पुढं बसले होते. ह्यांच्यावरचा माझा सगळा राग त्या रस्त्यावर गेला.

आम्ही गेटबाहेर थांबलो. आत आधी उंची मोजतात, मग पळवतात, मग गोळा. म्हणजे ज्या पोरी लवकर बाहेर येतात त्या उंचीत गेलेल्या. आमची लवकर आली. आत पळायच्या मैदानावर चिखल असून तिच्या बुटांना चिखल नव्हता.

"उंचीलाच काढलं," ती म्हणाली. "पळू बी न्हाई दिलं."

"कितीनं?" ह्यांनी विचारलं.

तिनं बोट दाखवलं.

येताना ती मागं आडवी झाली नाही, माझ्या शेजारी बसली. गाडी हळू चालवायचं आता काही कारण नव्हतं, तरी हे हळूच चालवत होते.

श्रावणात झाड आतून तांबूस व्हायला लागलं आणि बघता बघता सगळं गंजलं, असं दिरांच्या घरून कळलं. मग एक दिवस आत्याबाई ह्यांच्या जीपमधून उतरल्या. मांडीवर कुंडी होती, रिकामी, घासून धुतलेली. त्यांनी ती ओट्यावर जुन्या जागी ठेवली आणि तिच्याशेजारी बसल्या.

"गेलं ते. माझ्या हातानं गेलं."

"काळ्या मातीत ते न्हाई जगत, आत्याबाई."

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी लई खुशीत होता."

नात आत मशीनपाशी उभी होती, आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग कुंडी माझ्याकडं सरकवली. "लाव दुसरं."

"कोणतं लावू?"

"तसलंच लाव. हाय एवढंच राहू दे."

पोरीनं ते ऐकलं. ती आतल्या खोलीत गेली आणि तिच्या सगळ्या कुर्त्या हातावर घेऊन आली, भरतीच्या नादात शिवून घेतलेल्या. माझ्यापुढं ठेवल्या.

"आई, ह्या एक-एक बोट वर घे."

त्यातली एक अंगात घालून ती माझ्यासमोर सरळ उभी राहिली. "माप घे आधी."

माप मला पाठ होतं. तरी मी टेप लावला, कारण इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून माप घे म्हटलं नव्हतं. मग खाली बसले आणि टाचण्या तोंडात धरल्या. मला रडू येत होतं, आणि तोंडात टाचण्या असल्या की रडता येत नाही.