जमिलाच्या शेजारची जागा

मेथीचा वास आला की ती सकाळ आठवते. लोणंदच्या बाजारातली जुडी आमी नवराबायको उंबऱ्यात बसून निवडत होतो. जमिला म्हणाली, "आवं, काड्या भाजीत अन् पानं कचऱ्यात टाकताय!" दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् ती गेली.

दिवस मावळायच्या आत माती दिली. माझ्या बोटांना अजून मेथीचा हिरवा वास होता. कब्रस्तान सांभाळणाऱ्या बाबूला म्हणालो, "हिच्या शेजारची जागा मला ठेव."

"चाचा, इथं जागा राखून ठेवत न्हाईत. जो आधी येईल तो ओळीनं पुढं."

"मग मी आजच येतो."

"अल्लाचं बोलावणं आल्याबिगर मी आत घेत न्हाई."

तवा त्याचा लय राग आला. आता वाटतं, त्याचंच खरं. जागा अडवली, तर मागनं येणाऱ्यानं जावं कुठं?

दुसऱ्या सकाळी पलीकडच्या आळीतल्या म्हातारीचा जनाजा निघाला. कबर जमिलाच्या शेजारीच खणली होती. मीही गेलो, तीन मुठी माती टाकली, अन् म्हातारीच्या रडणाऱ्या लेकाला म्हणालो, "रडू नगंस गड्या. शेजारी आमची हाय, लय बोलकी हाय. तुझ्या आईला करमंल."