कान : तक्रार नाही

मुलांनो, मागच्या शुक्रवारी फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, शाळेत जायच्या वेळी माझ्या पोटात दुखतं." मागून तुमचे बाबा हसत म्हणाले, "फक्त सोमवारीच दुखतं." तुमची आई हसली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "आई, तू यांना ते सगळं लिहून पाठवशील?" काय लिहून, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात न सांगितलेली एकच गोष्ट आहे.

लहानपणी तापात आईचे कान गेले, असं तुम्हाला सांगितलेलं आहे. ताप आला नव्हता. थोरल्याने हे धाकटीला वाचून दाखवावं, आणि अडेल तिथे आईला विचारावं. ती सांगेल.

आम्ही तेव्हा कामतघरला राहत होतो. दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा कारखाना. बारा बारा तासांच्या दोन शिफ्ट चालत, त्यामुळे आवाज कधी थांबायचाच नाही. फळीवरचे पेले एकमेकांवर आपटत राहायचे म्हणून मी त्यांच्याखाली जुनं फडकं अंथरलं होतं. शुक्रवारी तेवढी लूमना सुट्टी असे. पण आमचे चढलेले आवाज शुक्रवारीही खाली येत नसत. त्या भागात कोणाशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड दाखवून, हाताने खुणा करून बोलायची सगळ्यांनाच सवय होती. कारखान्यातली माणसं तर दोन टोकांना उभी राहून नुसत्या ओठांवर आणि बोटांवर गप्पा मारत. तुमची आई सहा-सात वर्षांची असताना कारखान्याच्या दारात उभी राहून त्यांच्या खुणा शिकली. चहा आला, धागा तुटला, शेठ येतोय. "दीदी, लडकी बहुत तेज है," असं तिथले कारागीर मला म्हणायचे, आणि मला अभिमान वाटायचा.

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. घरातही माझं सगळं वेळापत्रकाने चाले. तुमच्या आईच्या जन्मापासून मी तिच्या तब्येतीची एक वही ठेवली होती. वजन, उंची, लसी, जंताचं औषध, दात, डोळे, कान, असे रकाने आखलेले. दर रविवारी तिला न्हाऊ घालायचं, कानांत तेल घालायचं आणि मग वही भरायची. तेल म्हणजे लसणाच्या पाकळ्या टाकून कढवलेलं खोबरेल, कोमट असतानाच घालायचं. माझ्या आईने मला घातलं होतं. आळीतल्या प्रत्येक घरात घालत.

ती पहिलीत असताना तिचा कान वाहायला लागला. मग दुसराही. पावसाळ्यात पुष्कळ मुलांचे कान वाहतात, म्हणून मी फार काळजी केली नाही. तेल रविवारी एकदा घालत होते, ते आठवड्यातून दोनदा सुरू केलं. ती रडायची, मान सोडवून घ्यायची. मी तिचं डोकं मांडीवर दाबून धरायचे. दोनेक महिन्यांनी तिचं रडणं थांबलं. कान दुखतो म्हणणंही थांबलं. उशीच्या अभ्र्यावर डाग दिसायचा, तो मला तेलाचा वाटायचा. मी वहीत लिहिलं, "कान : तक्रार नाही." पुढे जवळजवळ दीड वर्ष मी दर रविवारी त्या रकान्यात हेच लिहीत राहिले.

दुसरीत शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या. उंच म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. वर्गात लक्ष देत नाही, विचारलं की शेजारच्या मुलीच्या वहीत बघते, शुद्धलेखनात अर्धी वाक्यं गाळते. अशा चिठ्ठ्या मी स्वतः दुसऱ्यांच्या मुलांसाठी लिहीत होते, त्यामुळे या चिठ्ठीवर काय करायचं ते मला ठाऊक होतं. "मी वर्गात लक्ष देईन," हे वाक्य मी तिला रोज पन्नास वेळा लिहायला लावलं. ती निमूट लिहायची. हळूहळू ती घरातही कमी बोलायला लागली. शाळेत जाताना तिचं पोट दुखायचं. मी म्हणायचे, "रविवारी कसं दुखत नाही?" माझ्या घरात शाळा बुडवणं नव्हतं.

भांडी घासायला राहनाळहून एक बाई यायच्या. त्यांच्या गावी तेव्हा शेतं होती, आता तिथे गोदामं आहेत. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, पोरीला मागनं हाक मारली तं बगत न्हाय. हात हलवला का लगेच येते."

"लबाड आहे ती. काम सांगाल म्हणून बघत नसेल."

"लबाड न्हाय. माझी बकरीपन हाकेला वलते."

"मग बकरीलाच घाला शाळेत."

त्या हसल्या, मीही हसले. त्या परत त्याबद्दल बोलल्या नाहीत. मी हे लिहून ठेवते आहे, कारण मला कोणीच सांगितलं नाही असं पुढे मी बरीच वर्षं म्हणत होते.

नंतर एका शुक्रवारी, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, मी शाळेतून आले ती घसा पूर्ण बसलेला घेऊन. लूम बंद होते. तुमची आई माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसली होती, तिची पन्नास वाक्यं लिहीत. मी म्हटलं, "पाणी दे गं." घोगरा होता, पण त्या शांततेत खोलीभर ऐकू जाईल इतका आवाज होता. ती लिहीतच राहिली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. ती फुगून बसली आहे असं वाटून मी जाऊन तिच्या पाठीत धपाटा घातला.

मार बसलेलं मूल रडतं किंवा हात वर करतं. तिने गर्रकन वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी काय म्हणते आहे ते कळावं म्हणून ती माझे ओठ बघत होती आणि वाट बघत होती.

मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून तिला हाक मारली. काही नाही. तुमचे आजोबा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "तुझा घसा बसलाय, तुझं बोलणं मलाच नीट कळत नाहीये." मी म्हटलं, "तुम्ही मारा हाक." त्यांनी हाक मारली. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली. मग त्यांनी पेपर खाली ठेवला. मी पातेल्यावर पळी आपटली, तेव्हा तिने मान वळवली. आवाज डावीकडून आला होता. तिने उजवीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी वही बरोबर घेतली होती. त्यांनी दोन्ही कान बराच वेळ तपासले आणि विचारलं, "घरात कानात काही घालता का?"

"तेल. लसूण घालून कढवलेलं. कान वाहायला लागल्यापासून आठवड्यातून दोनदा."

"कान वाहतो म्हणजे पडद्याला भोक पडलंय. त्या भोकातून तुम्ही तेल आत ओतत होता."

"आमच्याकडे सगळेच घालतात."

"हो. म्हणून तर सगळे माझ्याकडे येतात."

मी वही पुढे केली. त्यांनी चार-पाच पानं उलटली, कानाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि वही मिटून माझ्याकडे परत दिली. "अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले.

डाव्या कानामागचं हाड आतून सडत चाललं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ते मेंदूपर्यंत गेलं असतं. त्याच महिन्यात ऑपरेशन झालं. तिचा जीव वाचला, डावा कान गेला. पुढच्या वर्षी उजव्या कानाचा पडदा बसवला. त्या कानाने तिला जेमतेम निम्मं ऐकू येऊ लागलं. तुमची आई केस कानांवर का ठेवते, ते आता तुम्हाला कळेल. डाव्या कानामागे वण आहे.

पहिल्या ऑपरेशनची पट्टी सुटल्यावर मी तिला समोर बसवून विचारलं, "दुखत होतं ना तुला? मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं की तू तेल घालतेस."

मी दीड वर्ष वहीत लिहीत होते तो आराम नव्हता. माझ्या लेकीने माझ्याकडे यायचं बंद केलं होतं, आणि मी त्याची व्यवस्थित नोंद ठेवत होते. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग मी मठ्ठ नाहीये?" मी नाही म्हटलं. तिने माझे ओठ पुन्हा एकदा बघून घेतले, मी खरंच तसं म्हटलं का, याची खात्री करायला.

ऐकू येणं निम्मं तरी परत आलं. सांगणं परत यायला फार वेळ लागला. मी वही भरणं बंद केलं. त्याऐवजी शुक्रवारी लूम थांबले की मी तिच्यासमोर, तोंडावर उजेड येईल अशी बसायचे आणि विचारायचे, "काय दुखतंय?" काही दुखतंय का, असं मी विचारत नसे, कारण त्याला ती नाही म्हणून मोकळी होई. ती सांगेल त्यावर त्या दिवशी कसलाही उपाय करायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. वर्षभर ती "काही नाही" म्हणत राहिली. दात किडला तेव्हा गाल सुजेपर्यंत बोलली नाही. तापही लपवायची. चौथीत असताना एका शुक्रवारी ती म्हणाली, "शाळेतल्या मुली मला मागून हाक मारतात आणि हसतात." मी उठले नाही. शाळेत जाऊन जाब विचारावा असं फार वाटलं, पण बसून राहिले. ती बराच वेळ बोलत होती. पुढल्या आठवड्यात तिला विचारून मगच मी तिच्या बाईंना भेटले, आणि तिला पहिल्या बाकावर जागा मिळाली.

पण सगळं भरून आलं नाही. तुमची आई अजून दुखणं अंगावर काढते. थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्यावरही तिने तुमच्या बाबांना दोन तास सांगितलं नव्हतं. ते मी तिला शिकवलं आहे.

म्हणून धाकटे, सोमवारी पोट दुखतं ते सांगत राहा. बाबा हसले तरी सांग. आणि जावईबापू, तुम्हीही हे वाचत असाल, तर धाकटीसमोर बसून पूर्ण ऐकून घ्या आणि लगेच औषध शोधायला उठू नका. दुखणं पोटात आहे की वर्गात, ते तिलाच सांगता येईल. मग पोट डॉक्टरांनाही दाखवा. मी ज्याला बहाणा म्हणत होते, तो बहाणा नव्हता.

कामतघरचं घर आम्ही सोडलं. मागचा कारखाना पाडला, तिथे आता इमारत आहे. तुमचे आजोबा गेले. वही माझ्या कपाटात आहे. तुमच्या आईला उजव्या कानाने, यंत्र लावून, माझं बोलणं ऐकू येतं, आणि शुक्रवारी ती अजून फोन करते.