ताकआजीचं ‘नको’

ताकआजी कशालाही पहिल्या फटक्यात हो म्हणायची नाही. चहा, खुर्ची, छत्री, काहीही पुढे करा, उत्तर ठरलेलं: “नको गं, मी ग्रँड आहे.” ग्रँड म्हणजे तिच्याकडच्या इंग्रजीत ‘ठीक, मजेत’. हे म्हणताना तिची नजर मात्र त्या वस्तूवरून हलायची नाही. सांगलीच्या माझ्या मावश्याही अशाच. पहिल्या नकाराला बशी आत नेलीत, तर जन्मभर लक्षात ठेवतील. त्यामुळे आयर्लंडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली ही पांढऱ्या केसांची बाई मला नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये भेटली, तेव्हा ती परकी अशी वाटलीच नाही.

तिचं खरं नाव नोरा. ताकआजी हे माझ्या मुलीने ठेवलेलं नाव, कारण आमची ओळख झाली ती सुपरमार्केटात ताकाच्या फळीपाशी. इथे ताक कार्टनमध्ये मिळतं. मी कढीसाठी शेवटचं कार्टन उचललं आणि पाहिलं, तर ही माझ्या टोपलीकडे टक लावून बघत होती. तिला ते ब्रेडसाठी हवं होतं. मी पुढे केलं, ती नको म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा नको. शेवटी मी ते सरळ तिच्या टोपलीत टाकलं. “तू इथली नाहीस,” ती समाधानाने म्हणाली. परतताना कळलं की ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते.

इथली माणसं एकदाच विचारतात. आम्ही नवीन होतो तेव्हा शेजारच्या डच बाईंनी कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडला. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, तर त्यांनी झाकण लावून डबा कपाटात ठेवून दिला. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हा किस्सा ऐकून ताकआजीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. लग्नानंतर डच सासरी पहिल्या रात्री तीही अशीच उपाशी झोपली होती.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे आयर्लंडचा तुकडा. ब्रेडला यीस्ट नाही. जाडं गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मी सवयीने मळायला लागले तर हातावर चापट बसली. मग गोळ्यावर सुरीने खोल फुली मारायची. का, तर आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी. “कोंडून ठेवल्या तर त्या ब्रेड बिघडवतात,” असं ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची. बटर इतकं जाड लावायची की खाताना त्यात दातांच्या खुणा उमटाव्यात. कुस्करलेल्या बटाट्यात परतलेला कोबी घालून मधोमध बटरचं तळं करायची. माझ्या ज्वारीच्या भाकरीवर तेच खारं बटर लावून दिलं, तेव्हा नको म्हणायचंसुद्धा विसरली.

चहा मात्र गावाहून यायचा. भाऊ पार्सल पाठवायचा: चहाच्या पुड्या, कडवट संत्र्याचं मार्मलेड, ओट्स. ओट्स इथेही ढिगाने मिळतात हे मी एकदा बोलून गेले आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढला नाही. ग्लासभर गरम पाण्यात पिशवी बुचकळलेला इथला चहा तिच्या मते फक्त आजाऱ्याला द्यायचा. तिचा चहा काळाकुट्ट, वर दूध. तो पिताना ती खिडकीतून खालच्या सायकलींकडे बघत बसायची. गुडघे गेले होते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. इथले जिने शिडीसारखे उभे. पुढेपुढे तर ताकही मीच वर नेऊन द्यायला लागले.

अशाच एका चहाला तिने हेंकची गोष्ट सांगितली. हेंक तिचा नवरा, आता नाही. निवृत्त झाल्यावर त्याने एकदा विचारलं होतं, आपण तुझ्या गावी राहायला जायचं का? हिचा जीव हरखून गेला. पण इतकी मोठी गोष्ट आणि पहिल्याच खेपेला हो कसं म्हणायचं? ती म्हणाली, छे, नको, इथे ग्रँड आहे. मग वाट बघत बसली. हेंकने पुन्हा विचारलं नाही. उलट तिला इथे करमतंय म्हणून खुशीत तिच्या चहाच्या पुड्यांसाठी भिंतीवर फळी ठोकून दिली.

“चांगला माणूस होता,” ती म्हणाली. “माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नाही त्याने.”

मी त्या फळीकडे बघत राहिले. मागच्याच आठवड्यात ट्राममध्ये समीरने, माझ्या नवऱ्याने, मला विचारलं होतं, परत जावंसं वाटतं का गं? त्याच्या नोकरीपायी मी बँकेतली नोकरी सोडून इथे आले. आता डचचे क्लास, मुलीची शाळा आणि चारलाच पडणारा अंधार. मी म्हटलं, नाही रे, ठीक आहे. तो बरं म्हणाला आणि फोन बघायला लागला. इतकी वर्षं हूफडॉर्पच्या ऑफिसात काढून तोही इथलाच झाला असावा.

मग तिचा मुलगा यान एका रविवारी आर्नहेमहून आला. मी ताक द्यायला वर गेले होते. आईला आता या जिन्यांवर ठेवायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी एक फ्लॅट मिळत होता, आणि मामाचाही फोन आला होता. त्याने सरळ विचारलं, “आई, तुला मामाकडे आयर्लंडला जायचंय का?”

“नको रे, उगाच कशाला सगळ्यांना त्रास,” ताकआजी म्हणाली. “आर्नहेम ग्रँड आहे.”

यानने मान डोलावली आणि फ्लॅटवाल्यांना कळवायला फोन काढला. तिच्या हातातली बटरची सुरी ब्रेडवर तशीच थांबली होती.

“यान, पुन्हा विचार,” मी म्हटलं.

“सांगितलं ना तिने.”

“तरी विचार.”

तो गोंधळला, पण गुणी मुलगा, विचारलं. पुन्हा नको. मी जागची हलले नाही, त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. मला वेड लागलंय असं समजून त्याने तिसऱ्यांदा विचारलं. ताकआजीने सुरी खाली ठेवली, टेबलक्लॉथवरची सुरकुती हाताने सारखी केली.

“तसं भावाकडे खोली खालीच आहे म्हणा,” ती म्हणाली. “जिना नाही.”

यान माझ्याकडे बघायला लागला. हा होकार आहे, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं. तेव्हा ताकआजी रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

ती वसंतात गेली. टॅक्सी खाली उभी होती आणि यान सामान उतरवत होता. मी नको नको म्हणत असताना तिने ब्रेडचा साचा माझ्या हातात कोंबला. मग जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून थांबली आणि विचारलं, “आणि तू? तू बरी आहेस ना इथे?”

“मी ग्रँड आहे,” मी म्हटलं.

तिने पर्स खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. बरी आहे, मी म्हटलं. खालून यानने हाक मारली. ती वरच्या पायरीवर बसली, त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि पुन्हा विचारलं.

“आमच्या सांगलीच्या घरी,” मी म्हटलं, “सकाळी ओट्यावर ऊन येतं.”

ताकआजीने माझा हात हातात घेतला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.