गाय ओट्यावर, कोश गोठ्यात

मामांनी फोटो पाठवला आणि मी नीट न बघताच उत्तर ठोकलं, "लिंबाळी फुलपाखराचा कोश आहे, लिंबाजवळ नेहमीच असतो." मामांना ते पटेना. "अगं, लई मोठा हाय ह्यो. यिऊन बघ." आमच्या फुलपाखरांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर एकजण नीलवंत म्हणाला आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. काळ्या पंखांवर निळाई मिरवणारा नीलवंत सह्याद्रीच्या ओल्या झाडीतला, नगरच्या कोरड्या रानात कशाला येईल? शनिवारी सकाळी मी पुण्याहून एसटीत बसले.

बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. सुप्याला चहा घेतला. नगरला उतरून कल्याण रोडची जीप धरली. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी आणि संयम सोबत ठेवा. मामांचं गाव हिवरे बाजारच्या पलीकडे. तिथलं पाणी अडवायचं काम बघून मामांनी डोंगराकडेला चर खणले, झाडं लावली. जंगल झालं की जंगलातली पाखरं येतील, असं सांगत फिरायचे. लोक हसायचे, मामीही हसायची. म्हणून ग्रुपवरचं सांगितल्यापासून त्यांना हा कोश नीलवंताचाच हवा होता.

दारात पोचले तर गाय चक्क ओट्यावर.

"तुज्या मामांची करनी," मामी म्हणाली. "ती त्या खांबाला मान खाजवती ना. कोश चिरडंल म्हनून हितं आनलीय. शेन कुनी काढायचं?"

कोश गोठ्याच्या खांबावर होता. पट्ट्यावर रेललेल्या वायरमनसारखा, कमरेच्या धाग्यावर भार टाकून. हिरवा, डोक्याकडे चांगलाच बाकदार, आणि लिंबाळीपेक्षा कितीतरी मोठा. माझा चेहरा पडला.

"गोठ्यामागच्या लिंबाचं रोप कोकणातून आणलेलं का? अंडी त्याबरोबर आली असतील."

"लिंबू आपल्याच बियाचं हाय," मामा म्हणाले. "कोकण म्यां बघितलं बी न्हाई. सांग की, कोन हाय?"

"लिंबाळी नाही, हे नक्की. बाकीचं पंख उघडल्यावर."

मामा हिरमुसले. मलाही वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. रात्री हुलग्याचे शेंगोळे खाताना मामीने बजावलं, "अळ्यांनी लिंबू खाऊन टाकलंय. फवारा मारनार म्हंजे मारनार." रविवारी दुपारी निघाले तेव्हाही कोश हिरवाच होता.

मंगळवारी ऑफिसात मामीचा व्हिडिओ कॉल आला. खांबावर ओले पंख पसरून ते बसलं होतं, काळंभोर, आणि मागच्या पंखांवर ती ओळखीची निळाई. माझे डोळे भरून आले. कॉल चालू असतानाच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

"मामांना दे ना फोन."

"त्ये लिंबाखाली बसल्यात. आनखी अळ्या घावल्यात," मामी म्हणाली. "फवाऱ्याचा पंप म्यां दिऊन टाकला शेजारी. आन् गाय ऱ्हाऊ दे ओट्यावर, शेन मी काढीन."