गालातला गाळा

अंधेरीच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लिफ्टमनकाकांना गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. डाव्या गालात तंबाखूचा बार भरूनही ते बोलतच असत. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आहे, आणि माझ्या इंग्लिश मीडियमच्या 'ळ'वर त्यांचा डोळा. "गाला नाय गो बाय, गाळा! जीभ वळव जरा." मग मी आणखीच गप्प व्हायचे.

त्याच गालात त्यांना पांढरा चट्टा निघाला. त्याचा कॅन्सर होऊ नये म्हणून डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. गालाला आतून एक पातळ पट्टी चिकटवायची, औषध तिथल्याच नाजूक कातडीतून मुरतं. तंबाखू कायमची बंद, आणि पट्टी विरघळेपर्यंत बोलणंही. काका आधीच सगळ्यांना सांगून मोकळे झाले, "गालातला गाळा औषधाला भाड्यान दिलाय!" तेव्हापासून पट्टी असली की ते भुवयांनी बोलतात.

काल लिफ्टमध्ये आमच्यासोबत एक हमाल होता. त्याने मळलेली तंबाखू पुढे केली. "घे रे चिमूटभर, काय होतंय?"

काकांचा हात सवयीने पुढे गेला. चिमूट ओठांपर्यंत आली.

"काका," मी जवळजवळ ओरडलेच, "गाला भरलाय ना!"

ते थबकले. हसू फुटत होतं, पण तोंड उघडता येईना. त्यांनी चिमूट हमालाच्या तळहातावर परत ठेवली. मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवून ते हवेत गोल फिरवलं. जीभ वळव.