मातीतले मोघे

मिलिंद मोघे शेतात यायचे ते पांढऱ्याशुभ्र बुटांत, आणि परत जायचे तेही पांढऱ्याशुभ्र बुटांत. आमच्या बुटांना निघताना अर्धा वाफा चिकटलेला असायचा. मोघे सिमेंटच्या पायवाटेवर उभे राहायचे, कुणाच्या तरी हातातलं फावडं मागून घ्यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि फावडं परत द्यायचे. "मी मूळचा मातीतला माणूस आहे हो," असं येईल त्याला सांगायचे. मूळचे ते कोथरूडचे, चौथ्या मजल्यावरचे.

हे शेत जपानमधल्या फुनाबोरीत, दोन इमारतींच्या मध्ये आहे. ते इशिदा आजींच्या यजमानांचं. मुलं शेती करणार नाहीत हे कळल्यावर त्यांनी जमीन बिल्डरला विकली नाही, गल्लीतल्या लोकांसाठी खुली केली. एकटी राहणारी म्हातारी माणसं येऊन निंदणी करायची, गप्पा मारायची. निघालेली भाजी मुलांच्या खानावळीत जायची. ज्यांचे आईवडील कामावरून उशिरा परततात अशी पोरं तिथे जेवतात. यात नफा कुणालाच नाही. यजमान गेले, तरी आजींनी सगळं तसंच चालू ठेवलं. आपली मराठी कुटुंबं बरीच नंतर आली, मेथी-कोथिंबिरीच्या ओढीने आली आणि माणसांमुळे टिकली. माझा नवरा जपानी, अर्धं आयुष्य इथे गेलं, पण खरा शेजार मला मिळाला तो या वाफ्यांवर.

मोघे एका आयटी कंपनीत मॅनेजर म्हणून पुण्याहून आले आणि काही महिन्यांत स्वतःला या शेताचे संस्थापक म्हणवू लागले. "कन्सेप्ट माझा, मेहनत सगळ्यांची," हे त्यांचं लाडकं वाक्य. मोरी-सान नावाचे ऐंशीच्या घरातले आजोबा घाम पुसत जमीन खणत असायचे, आणि मोघे त्यांना फावडं मारताना श्वास कसा घ्यावा ते समजावून सांगायचे. आजोबा मान डोलावायचे. इथली माणसं फार सभ्य, त्यामुळे मोघ्यांसारख्यांचं फावतं.

शेताच्या कडेला सातोइमोची एक रांग होती. सातोइमो म्हणजे आपल्या अळूचाच भाऊबंद, पण इथे खातात ते जमिनीखालचे कंद. पानांकडे कुणी बघत नाही. आजींचं बियाणं त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं, दरवर्षी राखून पुन्हा लावलेलं. थंडी सुरू झाली की त्या कंदांचं मोठ्या पातेल्यात कालवण व्हायचं, आणि खानावळीतली पोरं त्याची वाट बघायची.

गणपती जवळ आले आणि मोघ्यांना ती पानं दिसली. "अहो, एवढं अळू वाया चाललंय!" त्यांनी आपल्या जपानीत आजींना सांगितलं, पानं आम्ही कापून नेतो, तुमचा त्रास वाचेल. आजी हसून हात हलवत म्हणाल्या, "केक्को देस." मोघ्यांच्या पाठ्यपुस्तकात केक्को म्हणजे उत्तम. पण इथे दुकानात पिशवी नको असली तरी माणसं हेच म्हणतात. केक्को देस, म्हणजे नको, असू दे. रोज कन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, कानावर पडूनही मोघ्यांना हे कळलं नव्हतं, कारण मोघे कुणाचं ऐकतच नसत. त्या आठवड्यात मी सासरी क्योतोला गेले होते. मोघ्यांनी नव्याने आलेल्या दोन इंजिनिअरांना कामाला लावलं आणि अख्खी रांग बोडकी केली.

गणपतीच्या हॉलमध्ये अळूवड्या झाल्या. मोघे 'शेत ते ताट' या विषयावर बोलत होते आणि समोर सगळा हॉल खाकरत होता. ती पानं खाजरी निघाली होती. "ऑथेंटिक अळू असंच असतं," मोघे म्हणाले. स्वतः त्यांनी वडी घेतली नव्हती.

क्योतोहून परत आल्यावर मला हे कळलं. मी शेतात गेले, नुसते देठ बघितले आणि त्यांना गाठलं.

"मोघे, पानं कापल्यावर कंद पोसणार कसे?"

"आजींनी परमिशन दिली ना! एक्सलंट म्हणाल्या."

"नको म्हणाल्या त्या!"

"ताई, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता."

मला त्या माणसाची तेव्हा मनापासून किळस आली. ती अजून गेलेली नाही.

काढणीला कंद निघाले ते गोट्यांएवढे. आजी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसून एकेक कंद अंगठ्याने पुसत होत्या. "यातले किती रुजतील, कोण जाणे," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी कालवण झालं नाही. सगळे कंद बियाण्यासाठी खड्ड्यात पुरून ठेवले. पोरांना कालवण का नाही, असं खानावळीतल्या बाईंनी विचारलं तेव्हा मोघे गंभीर चेहरा करून म्हणाले, "क्लायमेट चेंज."

मी आजींकडे माफी मागायला गेले. आम्हा सगळ्यांनाच त्यांनी येऊ नका म्हटलं असतं, तर कुठल्या तोंडाने अडवणार होते? त्यांनी चहा ओतला, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलांना भाजी तर लागणारच. तुम्ही सगळे या. मोघे-सान मात्र फार दमलेत. आता त्यांनी निवांत विश्रांती घ्यावी." इथे एखाद्याला काढून टाकायची भाषा इतकीच असते. मोघ्यांनाही त्यांनी हेच, वाकून नमस्कार करून, तोंडावर सांगितलं.

मोघे भारावून गेले. "बघा, आजींना माझ्या तब्येतीची किती काळजी!" त्यांनी स्वतःचा निरोप समारंभ स्वतःच ठरवला. आम्ही शालही दिली. दिली नसती तर भाषण लांबलं असतं.

वसंतात निम्म्याहून कमी कंदांना कोंब फुटले. आजींनी ते स्वतः लावले, आणि पुढच्या थंडीत पातेलं पुन्हा चुलीवर चढलं.

मोघे आता पुण्यात असतात. 'जपानमध्ये मी उभारलेलं शेत' या विषयावर व्याख्यानं देतात. आपल्याला तिथून हाकललंय, हे त्यांना आजही ठाऊक नाही. एकदा निंदणी करताना मी आजींना म्हटलं, कुणीतरी त्यांना खरं सांगायला हवं.

आजी एकदम ताठ झाल्या.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "माफी मागायला म्हणून परत येतील."